खिडकी पुसण्याआधी लोहचुंबक घ्या!

मे महिन्यात दिल्लीत असाल आणि दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेचं आकाश एकदम पिवळट-तपकिरी झालं, तर हातातलं काम टाका आणि घरातल्या खिडक्या लावत सुटा. आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, येतेय! थोड्याच वेळात वारा घोंघावायला लागतो, कधी ताशी 70-80 किलोमीटर वेगाने. गच्चीवरचे कपडे, झाडांच्या फांद्या, चहाच्या टपरीवरचं ताडपत्रीचं छत, जे सापडेल ते उडतं. मग चार टपोरे थेंब पडतात, हवा गार होते आणि सगळं शांत. खिडक्या घट्ट बंद होत्या ना? मग आतल्या कट्ट्यावर बोट फिरवून बघा. तुमचं नाव लिहिता येईल इतकी धूळ आत आलेली असते.

ही धूळ आली कुठून? काही दूरवरून, राजस्थानातल्या थरच्या वाळवंटातून आणि हरियाणातल्या नांगरून कोरड्या पडलेल्या शेतांतून. मोठे, जड कण वाटेतच खाली बसतात. बारीक कण मात्र शेकडो किलोमीटर प्रवास करून दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबादपर्यंत पोचतात. त्यात शहराची स्वतःची भर पडते: बांधकामावरचं सिमेंट, रस्त्यावरची माती, गाड्यांच्या टायर-ब्रेकमधून झिजून उडालेले कण. हिवाळ्यात वाळू कमी आणि काजळी जास्त, कारण तेव्हा वारा मंदावतो आणि धूर शहरावरच साचून राहतो.

आता घाईघाईने फडकं घेऊन काच पुसायला जाऊ नका. थांबा! त्या धुळीत क्वार्ट्झ आहे, म्हणजे गारगोटीचा चुरा. कोणता खनिज पदार्थ किती कठीण, हे मोजायची 1 ते 10 अशी एक पट्टी शास्त्रज्ञांनी बनवली आहे. तिला मोह्सची मोजपट्टी म्हणतात. हिरा 10 वर, क्वार्ट्झ 7 वर आणि खिडकीची काच साधारण साडेपाचवर. जो जास्त कठीण, तो कमी कठीण पदार्थावर ओरखडे काढतो. म्हणजे कोरड्या फडक्याने काच घासली, की वाळवंटातून आलेला प्रत्येक कण तुमच्या काचेवर रेघ मारणार. म्हणून आधी मऊ ब्रशने धूळ झाडायची, मग भरपूर पाण्याने ओली करून खाली वाहू द्यायची आणि मगच पुसायचं.

काचेचं झालं. पण खिडकीत मला सगळ्यात गमतीची वाटते ती चौकट. काच बहुतेक घरांत सारखीच असते, चौकटी मात्र वेगवेगळ्या पदार्थांच्या असतात आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा. एकीला आवडणारं पाणी दुसरीला खातं. एकीला लागणारं तेल तिसरीचं वाटोळं करतं. त्यामुळे पुसण्याआधी आपली चौकट कशाची आहे ते ओळखायला हवं, आणि त्यासाठी लागतं एक लोहचुंबक. फ्रिजवर चिकटवायचा असला तरी चालेल.

पहिला प्रयोग धुळीवरच करा. चुंबक कागदात गुंडाळा आणि कट्ट्यावरच्या धुळीवरून हळूच फिरवा. कागदाला काळे, बारीक कण चिकटलेले दिसतील. त्यातले काही निसर्गातल्या लोहखनिजाचे, काही लोखंडी वस्तू झिजून उडालेले. कागदात गुंडाळायचं कारण सोपं आहे: उघड्या चुंबकावरून हे कण काढता काढता नाकी नऊ येतात. कागद मात्र नुसता सोडवला की झालं.

आता तोच चुंबक चौकटीला लावा.

टक् करून चिकटला? मग तुमची खिडकी पोलादी आहे. लोक तिला लोखंडी खिडकी म्हणतात. दिल्लीत 1957 साली दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्याच्या इंग्रजी नावाचं लघुरूप म्हणजे डीडीए. या डीडीएने शहरभर हजारो फ्लॅट बांधले आणि जुन्या डीडीए फ्लॅटांत अशा बारीक पोलादी पट्ट्यांच्या खिडक्या सर्रास दिसतात. मजबूत, सडपातळ, भरपूर उजेड देणाऱ्या. त्यांचा एकच वैरी: गंज.

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू हे तिघं एकत्र आले की गंज तयार होतो. दिल्लीची हवा तर बराच काळ कोरडी असते, मग पाणी येतं कुठून? उन्हाळ्यात दिल्लीच्या गल्लीतून चालताना वर बघा. खिडकीखिडकीत कूलर बसवलेला असतो. भला मोठा पत्र्याचा डबा, त्यात ओल्या वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या आणि पंखा. तो रात्रंदिवस थेंब थेंब गळतो आणि ते पाणी चौकटीच्या खालच्या पट्टीवर साचतं. म्हणून पोलादी खिडकी जवळजवळ नेहमी खालच्या कोपऱ्यातूनच गंजायला लागते. आजच जाऊन बघा!

गंजाची एक वाईट खोड आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो. तो फुगतो, आजूबाजूला रेटा देतो, रंगाचे पोपडे उडवतो. कधी कधी खिडकीची काच कुणी दगड न मारता तडकते, तेव्हा गुन्हेगार चेंडू नसतो. काचेच्या खाचेत फुगलेल्या गंजाने ती दाबून फोडलेली असते. आणि हा गंज भुसभुशीत असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि आतल्या चांगल्या लोखंडालाही गंजवत राहतो.

पण दिल्लीतच एक लोखंड असं उभं आहे, जे सुमारे 1,600 वर्षं उन्हापावसात उघड्यावर राहूनही गंजून पडलेलं नाही. कुतुबमिनारच्या आवारातला लोहस्तंभ! उंची 7 मीटरहून थोडी जास्त, वजन 6 टनांहून अधिक. त्यावर ब्राह्मी लिपीत चंद्र नावाच्या राजाचा लेख कोरलेला आहे. तो राजा म्हणजे गुप्त घराण्यातला दुसरा चंद्रगुप्त, असं बहुतेक इतिहासकार मानतात. स्तंभ गंजत कसा नाही? आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी अनेक वर्षं याचा अभ्यास केला. त्यांना दिसलं, की जुन्या कारागिरांच्या लोखंडात फॉस्फरस बराच जास्त होता. आजच्या पोलादात असतो त्याच्या कितीतरी पट. या फॉस्फरसमुळे स्तंभावर एक अतिशय पातळ, घट्ट थर तयार झाला. म्हणजे सुरुवातीला थोडं गंजूनच त्या लोखंडाने स्वतःसाठी कवच बनवलं. आपल्या खिडकीवरचा गंज सच्छिद्र, तर स्तंभावरचा थर एकसंध. हवा-पाण्याला आत शिरायला फटच नाही.

पूर्वी लोक त्या स्तंभाला पाठ टेकवून मागे हात नेऊन मिठी मारायचे. हात जुळले तर नशीब उघडतं अशी समजूत होती. रोज हजारो हात आणि त्यांचा घाम! ज्या उंचीवर हात लागायचे तिथला थर घासला जायला लागला. म्हणून 1997 मध्ये स्तंभाभोवती कुंपण घातलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आपण खिडकी साफ करताना नेमकी हीच चूक करतो. धूळ काढता काढता कवचच खरवडून काढतो.

मग सगळ्या खिडक्या तसल्याच लोखंडाच्या का नाही बनवत? कारण फॉस्फरस जास्त झाला की लोखंड ठिसूळ होतं, थंडीत तर आणखीनच. जाडजूड खांबाला ते चालतं. बारीक पट्ट्या वाकवून, जोडून बनवायच्या खिडकीला चालत नाही. त्यामुळे आपल्या पोलादी खिडकीला कवच आपणच द्यायचं: रंगाचं. गंजाचा ठिपका दिसला की मोठ्या माणसांना दाखवा. तेवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायची, त्यावर विटकरी रंगाचं रेड ऑक्साइड लावायचं, ते वाळलं की ऑइलपेंट. आणि घासणं-लावणं एकाच दिवशी. उघडं पडलेलं लोखंड पावसाळी दिल्लीत एका रात्रीतही पुन्हा गंजायला लागू शकतं.

इथे एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगते. घर जुनं असेल तर तो जुना रंग तुम्ही मुलांनी खरवडायचा नाही. पूर्वी रंगांत शिसं घालत. शिशाची धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. भारतात घरगुती रंगांत शिसं दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त नको असा नियम झाला, तो नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. मोठ्यांनीही तो कोरडा घासू नये. पाणी मारून, तोंडाला मास्क लावून घासावा.

पोलादी खिडकीत काच कशाने बसवलेली असते, माहीत आहे? काचेच्या कडेला त्रिकोणी, रंग दिलेली पट्टी दिसते ना, ती लांबी. खडूची पूड जवसाच्या तेलात मळली की लांबी तयार. लावताना मऊ, मग हळूहळू दगडासारखी घट्ट. वर्षांनी तिला भेगा पडतात, तुकडे गळतात आणि पावसाचं पाणी थेट खाचेत शिरतं. साफ करताना लांबी हलत नाही ना, तेवढं बोटाने दाबून बघत जा. आणि बाथरूम धुवायचं ॲसिड खिडकीच्या आसपासही नको. त्याच्या नुसत्या वाफांनीही शेजारचं लोखंड गंजतं.

समजा, चुंबक चिकटलाच नाही. चौकट चंदेरी, तपकिरी किंवा काळी आहे आणि हाताला गार लागते. मग ती अ‍ॅल्युमिनियमची. स्क्रूवर चुंबक चिकटला तर फसू नका, स्क्रू पोलादी असू शकतात.

अ‍ॅल्युमिनियमची कहाणी लोखंडाच्या बरोबर उलटी आहे. तेही हवेत ‘गंजतं’, आणि तेसुद्धा क्षणात! पण त्याच्यावर जो ऑक्साइडचा थर बसतो तो इतका घट्ट असतो, की पुढचं सगळं थांबतं. हा थर काही नॅनोमीटर जाडीचा. एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. ओरखडा पडला तर उघड्या धातूवर लगेच नवा थर येतो. माणिक आणि नीलम ही रत्नंसुद्धा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचीच असतात, फक्त त्यात अणूंची मांडणी स्फटिकासारखी शिस्तीत असते आणि इतर धातूंच्या अंशामुळे रंग येतो. तुमच्या खिडकीवर रत्नांच्याच द्रव्याचा मुलामा आहे!

एके काळी अ‍ॅल्युमिनियम इतकं दुर्मीळ होतं, की 1884 मध्ये वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध स्मारकस्तंभाच्या टोकावर मानाने अ‍ॅल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड बसवला. दोनच वर्षांनी, 1886 मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी एकमेकांना न विचारता विजेच्या मदतीने हा धातू स्वस्तात काढायची एकच रीत शोधली. म्हणून आज तो कोल्हापूरच्या बॉक्साइटच्या खाणींपासून नोएडाच्या विसाव्या मजल्यावरच्या सरकत्या खिडकीपर्यंत पोचलाय. कारखान्यात चौकट आम्लाच्या टाकीत बुडवून वीज सोडतात आणि तो नैसर्गिक थर हजारो पट जाड करतात. याला ॲनोडायझिंग म्हणतात.

या कवचाचे शत्रू दोन: तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली. अल्कली म्हणजे चुना, सिमेंट, कॉस्टिक सोडा. दिवाळीआधी दिल्लीत घरोघरी भिंतींची रंगरंगोटी चालते. तेव्हा चुन्याचा किंवा सिमेंटचा ओला शिंतोडा अ‍ॅल्युमिनियमवर पडला आणि तसाच राहिला, तर खाली कायमचा पांढरट डाग पडतो. घासून जात नाही, कारण तिथे कवचच खाल्लेलं असतं. आधी चौकटीवर कागद चिकटवून ठेवला की प्रश्नच मिटतो. एरवी अ‍ॅल्युमिनियमला भांडी घासायच्या सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कपडा पुरे. तारेची घासणी बिलकूल नाही.

सरकत्या खिडक्यांचं खरं दुखणं असतं खालच्या रुळात. आंधीची वाळू तिथे जाऊन बसते आणि खिडकी कर्रकर्र करायला लागते. लगेच कुणीतरी तेल सोडतं. दोन दिवस मस्त चालतं आणि मग आधीपेक्षा वाईट! कारण तेलाला धूळ चिकटते, आणि तेल अधिक वाळू मिळून तयार होतो धातू घासायचा लगदा. छोटी चाकं झिजून जातात. त्यापेक्षा जुन्या टूथब्रशने कोरडी वाळू मोकळी करा, व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या आणि शेवटी ओल्या कपड्याने पुसा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी पाणी ओतलं, तर चिखल.

रुळाच्या बाहेरच्या अंगाला लहान लहान भोकं दिसतील. ती कारखान्यातली चूक नाही! रुळात शिरलेलं पावसाचं पाणी बाहेर जायला ती मुद्दाम ठेवलेली असतात. आंधीची माती त्यात गच्च बसते आणि जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी बाहेरऐवजी घरात येतं. आतल्या बाजूने खराट्याची काडी घालून भोक मोकळं करा आणि रुळात पेलाभर पाणी ओतून ते बाहेर वाहतं का ते बघा. हे मे संपण्याआधी करायचं काम.

जानेवारीच्या थंडीत आणखी एक मजा. सकाळी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला हात लावा, मग शेजारच्या लाकडी कपाटाला. चौकट किती गार! पण ती खरोखर असते त्याहून कितीतरी जास्त गार भासते. अ‍ॅल्युमिनियम तुमच्या हाताची उष्णता लाकडापेक्षा कितीतरी जास्त वेगाने पळवून नेतं, म्हणून ते गार लागतं. याच स्वभावामुळे चौकट बाहेरच्या थंडीने खरोखरही गार होते, मग आतल्या उबदार हवेतली वाफ तिच्यावर थेंब होऊन बसते आणि रबराच्या पट्टीवर काळी बुरशी धरते. थंडीत रोज सकाळी तेवढे थेंब टिपून घेतले की बुरशीला जागाच मिळत नाही.

आता कोड्याची खिडकी. पांढरीशुभ्र, प्लास्टिकसारखी दिसणारी, तरी चुंबक हलकासा ओढला जातो! ही यूपीव्हीसी नावाच्या कडक प्लास्टिकची. चौकट आतून पोकळ असते आणि ताकदीसाठी तिच्या पोटात पोलादाची नळी सरकवलेली असते. चुंबकाला ती प्लास्टिकच्या पलीकडून जाणवते.

यातलं पीव्हीसी हे प्लास्टिक कशाचं बनतं सांगू? वजनाने अर्ध्याहून जास्त, सुमारे 57 टक्के, क्लोरीनपासून. आणि तो क्लोरीन येतो मिठापासून, आपल्या साध्या मिठापासून! उरलेला भाग खनिज तेलातून किंवा नैसर्गिक वायूतून. पीव्हीसीमध्ये मऊ करणारं द्रव्य घातलं की रेनकोट होतो. ते घातलं नाही की कडक यूपीव्हीसी. दिल्लीच्या उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक पिवळं आणि ठिसूळ होतं, म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड मिसळतात. बऱ्याच सनस्क्रीन मलमांमध्येही हीच पूड असते. म्हणजे इथे कवच वरून लावलेलं नसतं, अंगभर मुरलेलं असतं.

या खिडकीला गंज नाही, वाळवी नाही, रंग लावायची कटकट नाही. पण तिला दोन गोष्टी अजिबात चालत नाहीत. एक म्हणजे थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव. डाग जातो खरा, पण प्लास्टिकचा वरचा भागही मऊ पडतो, चकाकी जाते आणि तिथे नंतर जास्त मळ धरतो. दुसरी गोष्ट, तारेची घासणी. तिचे लोखंडी कण पांढऱ्या पृष्ठभागात रुततात आणि पंधरा दिवसांनी न गंजणाऱ्या खिडकीवर गंजाचे ठिपके दिसतात! स्टिकरचा चिकटा कोमट साबणपाण्यात भिजवलेला कपडा दहा मिनिटं ठेवून निघतो. घाई नको.

दिल्लीत जानेवारीच्या पहाटे पारा 4-5 अंशांवर असतो आणि मे-जूनच्या दुपारी 45 अंशांपर्यंत चढतो. फरक 40 अंशांचा. या फरकात दीड मीटर लांबीची यूपीव्हीसीची पट्टी सुमारे 4 मिलिमीटरने वाढते. तेवढीच अ‍ॅल्युमिनियमची पट्टी साधारण दीड मिलिमीटरने, पोलादाची पाऊण मिलिमीटरहूनही कमी आणि काच अर्ध्या मिलिमीटरने. चौकट आणि काच वेगवेगळ्या मापाने वाढतात, म्हणून मध्ये रबराची पट्टी लागते. ती रबरी पट्टी साबणपाण्याने पुसा, खेचू नका आणि तिला खोबरेल लावू नका. तेलाने रबर फुगून सैल पडू शकतं.

दिल्ली परिसरात काचेवर आणखी एक पाहुणा सापडतो: पांढरे, खरखरीत ठिपके. गुरुग्राम, नोएडा, द्वारकेच्या बऱ्याच भागांत जमिनीतलं पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. थेंब वाळतो, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. साबणाने ते हलत नाहीत. कपड्यावर थोडं व्हिनेगर घेऊन काचेवरच्या ठिपक्यावर दाबून धरा. नीट बघा, बारीक बुडबुडे येतील! आम्ल आणि कॅल्शियम कार्बोनेट भेटले की कार्बन डायऑक्साइड निघतो. मग साध्या पाण्याने धुऊन टाका, विशेषतः चौकट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर.

मात्र खिडकीखालचा कट्टा संगमरवरी असेल तर तिथे व्हिनेगर किंवा लिंबू सांडू देऊ नका. संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेट! आम्लाला डाग कोणता आणि दगड कोणता, हे कळत नाही. हुमायूनच्या कबरीतल्या किंवा लाल किल्ल्यातल्या कोरीव दगडी जाळ्या बघायला जाल तेव्हा हे आठवा. त्या जाळ्या मुघल काळातल्या खिडक्याच की! त्यांना ना काच, ना बिजागरी. अशा जुन्या संगमरवराची साफसफाई जाणकार करतात, बहुधा मुलतानी मातीसारख्या मातीचा लेप लावून. लेप वाळताना मळ शोषून घेतो. घासावं लागत नाही.

काच पुसायची ती ऊन उतरल्यावर किंवा ढगाळ दिवशी. कडक उन्हात साबणपाणी पुसण्याआधीच वाळतं आणि ओघळांचे पट्टे राहतात. हिवाळ्यातली काजळी तेलकट असते, ती नुसत्या पाण्याने पसरते. साबणाचे रेणू एका टोकाने तेल पकडतात, दुसऱ्या टोकाने पाणी, म्हणून साबण हवा. शेवटी वर्तमानपत्राच्या बोळ्याने काच चमकते, कारण त्या कागदाचे धागे सुटत नाहीत. पांढऱ्या यूपीव्हीसीवर मात्र वर्तमानपत्र नको, शाई लागते. आणि हे सगळं आतल्या बाजूने, पाय जमिनीवर ठेवून. बाहेरची बाजू मोठ्यांची. उंच इमारतींत तर दोर आणि पट्टे बांधून उतरणाऱ्या प्रशिक्षित लोकांचीच. त्यासाठी खिडकीबाहेर एक खांदाही काढायचा नाही.

राहिलं लाकूड. मी ते मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण माझं सगळ्यात जास्त प्रेम त्याच्यावर आहे. 28 मे 2023 ला दिल्लीत नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं. त्यातल्या कामाचं सागवान लाकूड नागपूरहून आणलं होतं. विदर्भाच्या जंगलातली झाडं देशाच्या संसदेत जाऊन बसली! सागाची कीर्ती उगाच नाही. त्याच्या अंगातच तेलकट द्रव्यं असतात. ती पाण्याला थोपवतात आणि वाळवीला आवडत नाहीत. सागाचं कवच झाडानेच, वाढता वाढता, आतून बनवलेलं. पण सगळ्या लाकडी खिडक्या सागाच्या नसतात. दिल्लीच्या जुन्या घरांत साल, देवदार, शिसव असं काहीही सापडतं.

लाकूड कापलं तरी पाणी प्यायचं थांबत नाही. आत उभ्या नळ्याच नळ्या, उसाच्या मोळीसारख्या. हवा दमट झाली की या नळ्यांच्या भिंती ओल शोषून जाड होतात, कोरडी झाली की बारीक. त्यामुळे फळी लांबीला जवळजवळ वाढतच नाही, रुंदीला वाढते. मेमधली भाजून काढणारी कोरडी हवा आणि ऑगस्टमधली चिकचिकाट करणारी दमट हवा, या दोहोंमध्ये 10 सेंटिमीटर रुंद फळी एक ते दोन मिलिमीटरने रुंदावू शकते. म्हणून पावसाळ्यात लाकडी खिडकी अडकते. ‘सुताराला बोलवा, रंधा मारा!’ असं घरात कुणी म्हणालं तर त्यांना थांबवा. ऑगस्टमध्ये तासलेली खिडकी जानेवारीत सैल होते आणि त्या फटीतून थंड वारा आत येतो. तोवर कडेला मेणबत्ती घासली की काम भागतं. दिवाळीपर्यंत लाकूड आपलं आपण बारीक होतं. तरीही अडकलं, तरच रंधा.

लाकडावर बादलीने पाणी ओतायचं नाही. कोरडा ब्रश, मग घट्ट पिळलेला कपडा, लगेच कोरडं पुसणं. चौकट भिंतीला टेकते तिथे मातीची बारीक नळी चढताना दिसली तर ती वाळवीची वाट. बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर मोठ्यांना सांगा. पॉलिश उडालेल्या लाकडाला जवसाचं तेल देतात, आणि हे तेल ‘वाळतं’ म्हणजे काय होतं ऐका. पाण्यासारखं ते उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्याचं घट्ट कातडं होतं. लांबी कडक होते तीही याचमुळे. या क्रियेत उष्णता निघते. म्हणून तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात फेकली तर ती आतून तापत जाऊन काडी न ओढताही पेटू शकतात! ती बाहेर पसरून वाळवायची, हे घरातल्या मोठ्यांना नक्की सांगा.

घरी लाकडी खिडकी असेल, तर आता तुमच्यासाठी एक लांबचा प्रयोग. मे महिन्यात, कोरड्या दिवशी, खिडकी लावून तावदान आणि चौकट यांच्यामधल्या फटीत वहीचे सुटे कागद एकावर एक सरकवा. किती कागद मावले ते तारखेसह वहीत लिहा. जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा. ऑगस्टमध्ये पाऊस चांगला मुरल्यावर त्याच जागी, तसेच कागद घेऊन पुन्हा मोजा, आणि तिसऱ्यांदा दिवाळीच्या सुट्टीत. वहीचा एक कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे लाकूड किती हललं ते तुम्हीच काढू शकाल. पुण्या-मुंबईत, रत्नागिरीत किंवा नागपुरात तुमची आते-मामेभावंडं असतील तर त्यांनाही त्यांच्या खिडकीवर मोजायला सांगा आणि आकडे शेजारी शेजारी मांडा. समुद्राकाठी हवा बाराही महिने दमट असते. तिथल्या खिडकीत मे आणि ऑगस्टचा फरक दिल्लीएवढाच पडेल की कमी, याचा अंदाज मोजण्याआधीच वहीत लिहून ठेवा.